दुधाच्या ओट्यापलीकडं

राइलीमावशीला घाबरत नाही असा एकही गोठेवाला आमच्या कोर्पिवारा गावात नव्हता. गाईंची गोष्ट वेगळी. गाई तिच्यावर जीव टाकायच्या.

ती पालिकेची बदलीवाली होती. दुभती गुरं पाळणाऱ्याला आमच्याकडं वर्षाकाठी हक्काची सुट्टी असते, आणि तो सुट्टीवर गेला की त्याचा गोठा सांभाळायला पालिका माणूस धाडते. मावशीनं हे काम तीसेक वर्षं केलं. कुठली गाय डाव्या बाजूनं बसलं तर लाथ मारते, कुठली रेडिओ लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही आणि कुठला मालक सुट्टी घेऊनही घरातच दडून बसतो, हे तिला पाठ होतं. पहिल्या दोघींवर तिच्याकडं गोड बोलणं हा इलाज होता. तिसऱ्यासाठी तिनं नियम केला होता.

प्रत्येक शेताची वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथं एक लाकडी ओटा आहे. पूर्वी दुधाचे कॅन त्यावर ठेवायचे आणि डेअरीची गाडी ते उचलून न्यायची. आता टँकर थेट दारात येतो. ओटे कुजत चाललेत, पण पाडायला कुणाचा हात होत नाही. मावशीचा नियम असा, की मालकाची गाडी त्या ओट्यापलीकडं गेल्याशिवाय ती गोठ्याचे बूट पायात घालणार नाही. मग गाई हंबरोत, कासा तटतटोत, मालकाला घाम फुटो. ती पायरीवर आपले लोकरी मोजे सारखे करत बसून राहायची.

"मालक दारात असला की गाय त्याच्या तोंडाकडं बघते," ती म्हणायची. "पान्हा चोरते. आणि नाव कुणाचं खराब होतं? माझं. नीघ."

माझ्या बापानं एकदा तिला फसवायचा घाट घातला. ओटा ओलांडला, लाकडाच्या गिरणीपाशी गाडी उभी केली, आईला गाडीत बसवलं आणि स्वतः दुर्बीण घेऊन जंगलातनं चालत मागं आला. गवताच्या कोठारामागं लपला. मी तेव्हा पहिलीत होतो आणि मावशीच्या मागं बादली घेऊन फिरत होतो. मावशीनं गोठ्याच्या दारातूनच आवाज दिला:

"वाइनो! लपायचं होतं तर ती लाल टोपी काढून यायचं!"

कोठारामागं काही हललं नाही.

"तुझी बायको गाडीत थिजली असेल. का तिच्यासाठीपण बदलीवाली मागवायचीय?"

त्या वर्षी माझ्या आईबापांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. बाप परत आला तो थेट गोठ्यात गेला आणि एकेका गाईला विचारत सुटला, काही त्रास झाला का म्हणून. गाईंनी त्याला ओळख दिली नाही, असं मावशी पुढं गावभर सांगत होती.

मावशीचा नवरा ताउनो लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. धिप्पाड माणूस आणि बोलका इतका, की त्याच्या ट्रकात शेजारी बसलेल्या माणसाला उतरताना कान तपासून बघावे लागत. निवृत्त झाला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात, सौनातून, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीतून, बाहेर येऊन बाकावर टेकला आणि तसाच एका अंगावर कलंडला. पक्षाघात. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. एवढ्या मोठ्या कोठारातनं दोनच शब्द उरले: "चला तर."

त्या दोन शब्दांत तो सगळा संसार करतो. कॉफी हवी असली की "चला तर." पेपरात ओळखीच्या माणसाची निधनवार्ता दिसली की "चला तर." मावशी फार बोलायला लागली की डोळे मिटून, लांब ओढून, "चलाऽऽ तर."

त्याला मावशीनं घरी आणलं आणि पालिकेशी करार केला. घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्यासाठी आमच्याकडं कायदा आहे. मोबदला थोडा असतो, पण चोवीस तास बांधलेल्या माणसाला महिन्याला तीन दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे असं त्यात लिहिलंय. ते लिहिलेलं खरं करून दाखवायचं काम पालिकेत तूलियाकडं होतं. तूलिया किनाऱ्यावरच्या तुर्कू शहरातली. भरभर चालणारी, भरभर बोलणारी, मनानं चांगली. आमच्याकडं येऊन तिला एकच वर्ष झालं होतं, आणि तिथंच घोटाळा होता.

त्या वेळी सुट्टी देण्याची रीत एकच होती: तीन दिवस नवऱ्याला आरोग्य केंद्राच्या वॉर्डात ठेवायचं. तूलियानं पहिल्याच महिन्यात तसं जमवून दिलं. वॉर्ड चांगला होता. नर्सबाया गोड होत्या. ताउनो भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला नाही. "चला तर" एकदाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच मावशी टॅक्सी करून गेली आणि त्याला घेऊन आली.

"झाली माझी सुट्टी," ती म्हणाली.

त्यानंतर दोन वर्षं तिनं एक दिवस घेतला नाही. तूलिया यायची, स्वयंपाकघरात बसायची, कायद्यानं विचारायचं असतं ते सगळं नीट विचारायची. पण आमच्या भागात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं म्हणजे समोरच्यावर दार आपटण्यासारखं.

"राइली, तू थकतेस का?"

"थकायला निवांत वेळ लागतो. तो कुठनं आणू?"

"मदतीची गरज वाटते का?"

"मदतीनं कुणाचं वाईट झालं असं काही माझ्या ऐकण्यात नाही."

"झोप लागते?"

"झोप माझी वाट बघत असते. आमची गाठ पडत नाही एवढंच."

तूलियानं परत जाऊन सांगितलं, बाई ठणठणीत आहे, विनोद करते. आमच्यातला कुणीही असता तर पहिल्याच उत्तराला उठून हिच्यासाठी रुग्णवाहिका मागवली असती.

ती मागवायची वेळ आलीच. जानेवारीत सरपणाच्या खोपटात ओंडके उचलताना मावशीला भोवळ आली. टपालवाल्याला ती सापडली. कपाळाला खोक आणि बीपी असं, की डॉक्टरनं पट्टा सोडून पुन्हा बांधून बघितला. मग त्यानं सांगितलं ते सरळ सांगितलं, कारण तोही बाहेरचाच. असंच चाललं तर पुढच्या वेळी टपालवाला उशिरा येईल. महिना-दीड महिन्यात बीपी खाली आलं नाही तर ताउनोला शहरातल्या वृद्धाश्रमात कायमचं हलवावं लागेल. शहर आमच्यापासनं बसनं दोन तासांवर आहे आणि बस आठवड्यातून तीनदा.

मावशी डॉक्टरला म्हणाली, "बरं." हा शब्द तिच्या तोंडून ऐकून नर्स घाबरली, असं नर्सनंच मला सांगितलं.

तूलिया मात्र त्या दिवसापासनं बदलली. ती पालिकेच्या बैठकीत गेली आणि म्हणाली, माणूस वॉर्डात जायला तयार नाही तर बदली माणूस घरी पाठवू या. बैठकीत कुरकुर झाली. माणसं कुठं आहेत, नवीन पायंडा पडेल, वगैरे. तूलियानं ऐकून घेतलं आणि विचारलं:

"गाईसाठी घरी माणूस पाठवता. नवऱ्यासाठी का नाही?"

टेबलाभोवतीची निम्मी माणसं गोठेवाली होती. प्रत्येकाच्या गोठ्यात मावशी राबून गेलेली. म्हणे सगळ्यांना एकदम कॉफीची तहान लागली. ठराव एकमतानं झाला.

घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करणारा मी. पालिकेच्या त्या पथकात एवढा एकच पुरुष, आणि ताउनोला सौनात न्यायचं तर कुणीतरी दांडगा हवाच.

"तू ओळखतोस ना तिला?" तूलियानं विचारलं.

"मी नाही, तीच ओळखते मला. माझं नाक पुसायची ती."

पहिल्या दिवशी मी सकाळी गेलो तर अंगणातच वेलदोड्याचा वास. आत फरशी अशी घासलेली, की मोजे घालून उभं राहायला भीती वाटावी. टेबलावर वेलदोड्याचे गोड पाव, आत मासे भरून भाजलेला काळा पाव, लोणी, ताक. ताउनो इस्त्रीच्या शर्टात, भांग पाडून, खिडकीशी बसलेला. परीक्षेला बसवल्यासारखा.

"बस, ओस्सी. आधी खाऊन घे."

"मावशी, मी तुझ्या सुट्टीसाठी आलोय."

"सुट्टी कुठं पळून जातेय. खा."

मी खाल्लं. मी खात असताना तिनं ताउनोला भरवलं, त्याचं तोंड पुसलं, त्याला उठवलं, बसवलं, गोळ्या दिल्या. मी उठायला लागलो की नवा पाव ताटात. जेवणानंतर मी नुसता डोळे मिटायला म्हणून बाकावर टेकलो, तर जाग आली तेव्हा अंगावर गोधडी होती. संध्याकाळी तिनं माझा कप धुतला आणि म्हणाली, "दमलास बाबा. परत ये."

दुसऱ्या वेळी तेच, वर लोकरी मोज्यांचा नवा जोड.

"कशी झाली सुट्टी?" तूलियानं मला विचारलं.

"झकास. मला बऱ्याच दिवसांत इतका आराम मिळाला नव्हता."

ती हसली नाही. "काल नर्स जाऊन आली. बीपी पूर्वीपेक्षा वर आहे. तू येणार म्हणून तिनं आदल्या दिवशी खिडक्यांच्या काचा पुसल्या. थंडीत, बाहेरनं." मग जरा थांबून म्हणाली, "वृद्धाश्रमातनं फोन होता. एक खोली रिकामी होतेय. डॉक्टरची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, ओस्सी."

त्या रात्री मला मोजे चावायला लागले.

तिसऱ्या वेळी मी गेलो तो दार वाजवलं नाही. पायरीवरचा बर्फ हातानं झटकला आणि तिथंच बसलो. थंडी अशी की नाकातले केस कडक व्हावेत. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं.

"तिथं काय करतोयस?"

"मोजे सारखे करतोय."

"आत ये. पाव गार होतायत."

"तू ओट्यापलीकडं गेल्याशिवाय मी बूट काढणार नाही."

दार पुरतं उघडलं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी. एप्रनला पीठ.

"हा नियम माझा आहे."

"म्हणूनच चांगला आहे."

"तो गोठ्यासाठी आहे!"

"मालकीण दारात असली की तो तुझ्याच तोंडाकडं बघणार. पान्हा चोरणार. नाव कुणाचं खराब होईल? माझं."

"तो काही गाय नाहीये, ओस्सी. बैल आहे तो."

"बैल असेल तर तू आणखीच लांब जा."

"लाज वाटत नाही? एवढासा होतास तेव्हा बादलीत पडला होतास, मी काढलं तुला."

"त्याबद्दलच बसलोय इथं."

तिनं दार लावून घेतलं. आतनं भांडी आपटल्याचे आवाज आले. मी बसून राहिलो. खरं सांगायचं तर पायाची बोटं आहेत का गेली हे कळत नव्हतं, आणि ही बाई जिंकणार असं मला वाटायला लागलं होतं. कोर्पिवारात तिच्याशी कुणी जिंकलेलं नव्हतं.

तेवढ्यात आतनं ताउनोचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्या दुखण्यानंतर ऐकला नव्हता.

"चला तर!"

"तुला काय झालं आता?" मावशीचा आवाज.

"चला! तर!"

आणि खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मी दार ढकलून डोकावलो. ताउनो खुर्चीतून अर्धा उठलेला, डाव्या हातानं खुंटीवरची तिची लोकरी टोपी ओढलेली आणि तिच्या पायाशी फेकलेली. मावशी टोपीकडं बघत होती.

"दोघं मिळून मला माझ्या घरातनं हाकलताय," ती हळू म्हणाली. त्यात चेष्टा नव्हती.

ताउनोनं डावा हात लांब करून तिची बाही धरली. खेचली नाही, नुसती धरली. मग दाराकडं बोट केलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "चला तर."

तिनं टोपी उचलली, झटकली, घातली. कोट घातला. मला खूप काही सांगायला तोंड उघडलं: गोळ्या, लापशी, त्याची उजवी चप्पल. मी कानांवर हात ठेवले. ती अंगणात आली, भिंतीला टेकवलेली बर्फावरची घसरगाडी ओढून घेतली, एक पाय पट्टीवर ठेवला आणि दुसऱ्यानं रेटा दिला. त्यांच्याही वाटेच्या टोकाला जुना ओटा आहे, तिथं जाऊन थांबली. वळून बघितलं. मी पायरीवर बसलेलो होतो तसाच बसून राहिलो. तिथं ती इतका वेळ उभी राहिली की एक कावळा येऊन ओट्यावर बसला आणि कंटाळून गेला. मग ती दिसेनाशी झाली.

मी बूट काढले.

लापशी शिजवली. वाडगं ताउनोपुढं ठेवलं, चमचा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो, जणू मला पक्ष्यांची फार आवड आहे. बराच वेळ काही नाही. मग चमच्याचा आवाज. निम्मी लापशी शर्टावर जात होती, पण निम्मी तोंडात. मी वळून बघितलं तेव्हा तो चोरी पकडल्यासारखा थांबला.

"हे तुला कधीपासनं येतंय?"

त्यानं खांदे उडवले.

"मावशीला माहीत आहे?"

तो चमच्याकडं बघत राहिला. मावशी इतक्या चपळाईनं भरवायची, की चमचा उचलायला त्याची पाळीच येत नव्हती. आणि ती इतक्या मनानं करते म्हटल्यावर तोही ते करवून घेत राहिला होता. मग त्यानं कपाटाकडं बोट दाखवून, कटातल्या साथीदाराशी बोलावं तसं म्हटलं, "चला तर?" कपाटात साखर होती. मावशीनं त्याची साखर बंद केली होती. मी कॉफीत एक खडा टाकला. त्यानं भुवई उंचावली. पालिकेचा नोकर म्हणून सांगतो, दुसरा टाकला नाही. बशीत ठेवला. पुढं काय झालं ते मी बघितलं नाही, मी पक्षी बघत होतो.

दुपारी अंगणात गाडी वाजली. माझा थोरला भाऊ यार्मो आत आला, गोठ्यातल्या कपड्यांत, केसांत भुसा. आता आमचा गोठा तोच बघतो.

"तू पाठवलंस तिला?" आल्या आल्या तो माझ्यावर आला.

"कुणाला? कुठं?"

"राइलीला! माझ्या गोठ्यात आहे ती!" तो बाकावर बसला आणि टोपी गुडघ्यावर आपटली. "सकाळी वैरण टाकत होतो, तर दारात उभी. म्हटलं, काय मावशी, कशी आलीस? म्हणे, आलेच नाहीये. दुकानात गेले, घ्यायचं काही नव्हतं. चर्चपर्यंत गेले, कुलूप होतं. मग म्हणे..." तो थांबला. यार्मोला असलं बोलता येत नाही. "म्हणे, लोकांना आयुष्यभर ओट्यापलीकडं धाडलं, पण पलीकडं जाऊन काय करायचं असतं ते मला ठाऊकच नाही."

ताउनो कप खाली ठेवून ऐकत होता.

"मग?"

"मग काय. म्हटलं, बस घडीभर. तर तिनं मिन्नाच्या हातातलं खोरं घेतलं. बायको बसलीय जाऊन पलंगावर पुस्तक घेऊन, काय आनंद झालाय तिला. आणि मला? मला म्हणाली, तू दारात उभा राहिलास तर गाय पान्हा चोरेल. नीघ. माझ्या गोठ्यात मला!"

"मग तू निघालास?"

"ती पायरीवर बसली, ओस्सी."

मी हसलो नाही. पहिल्यांदा हसला तो ताउनो. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतनं पाणी काढत. मग यार्मोही. आम्ही तिघांनी तिचे सगळे पाव संपवले. यार्मो दर थोड्या वेळानं उठून खिडकीशी जायचा आणि आपल्या शेताच्या दिशेनं मान लांब करायचा.

"ती लंगडी कालवड नवख्या माणसाला जवळ येऊ देत नाही. बघून येऊ का?"

"चला तर," ताउनो म्हणायचा, खाली बस अशा अर्थी, आणि तो बसायचा.

अंधारायच्या सुमारास मावशी आली. गाल लाल, टोपी मागं सरकलेली आणि अंगाला शेणाचा, वैरणीचा, कोमट दुधाचा वास. एरवी ती बाहेरच्या कपड्यांत आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्या दिवशी विसरली. तशीच ताउनोजवळ गेली. त्यानं नाक वर केलं आणि तो वास आत ओढून घेतला. तीस वर्षं त्याच्या घरात संध्याकाळ म्हटली की हाच वास यायचा. डाव्या हातानं त्यानं तिच्या कोटावर चिकटलेली गवताची काडी काढली आणि खिशात घातली.

"काय रे, काडी कशाला?" ती म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या शर्टाकडं गेलं. "ही लापशी कुणी सांडली?"

"मी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. डाव्या बाजूला ठेवलेल्या चमच्याकडं बघितलं. ताउनो छताकडं बघत होता.  ती हात धुवायला गेली आणि हात धुवायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ वेळ नळ वाहत राहिला.

दोन दिवसांनी तूलिया आली तेव्हा मीही तिथं होतो. मावशी अस्वस्थ. गुन्हा केला आणि तो पालिकेला कळला तर पुढची सुट्टीच बंद होईल अशी तिला धास्ती. घुमवून घुमवून ती मुद्द्यावर येत होती.

"समजा, एखादी बाई सुट्टीवर आहे," ती म्हणाली, "आणि ती अशा ठिकाणी गेली की तिथं सहज हाताशी खोरं होतं."

"हं," तूलिया म्हणाली.

"आणि तिथं चुकून एखाददुसरी गाय होती."

"हं."

"तर ती सुट्टी म्हणायची, का नाही म्हणायची?"

मी तूलियाकडं बघत होतो. हा प्रश्न तिच्या वरिष्ठांकडं गेला असता तर त्यावर तीन बैठका झाल्या असत्या. तिनं कॉफीचा घोट घेतला. खिडकीतून ओट्याकडं बघितलं.

"कायद्यात त्या बाईचा दिवस लिहिलाय," ती सावकाश म्हणाली. "त्या दिवसात गाय नसावी असं त्यात कुठं आढळत नाही. आता मी सगळा कायदा नीट वाचलाय असंही नाही, आणि वाचला नाही असंही मी कुणाला सांगत फिरणार नाही."

मावशी माझ्याकडं वळली. "हिला असं बोलायला कुणी शिकवलं?"

"तूच," तूलिया म्हणाली. "दोन वर्षं."

"मग पाव घे आणखी. बारीक झालीस." मावशीनं ताट तिच्यापुढं सरकवलं. आमच्याकडं ही पदवी आहे.

डॉक्टरकडची तारीख मी दोनदा पुढं ढकलून घेतली. पहिल्यांदा माझी गाडी सुरू होईना. दुसऱ्यांदा ती सुरू होईल असं मला वाटत नव्हतं. मधल्या दिवसांत मावशीनं आपल्या सगळ्या सुट्ट्या घेतल्या. ज्या दिवशी गेलो त्या दिवशी डॉक्टरनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"गोळ्या बदलल्यास का?"

"गोळ्या त्याच."

"मग काय करतेस हल्ली?"

"धारा काढते."

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पक्षी शोधले, पण खिडकीला पडदा होता. "चालू ठेव," तो म्हणाला. अजून बीपी पुरतं खाली आलेलं नाही, पण वृद्धाश्रमातली ती खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

आता रीत बसली आहे. मी येणार त्या दिवशी मावशी अजूनही पाव भाजते. ते सुटणार नाही. खिडक्या मात्र आता मळक्या असतात. ताउनो तिच्यासमोरही चमचा धरतो, पण फक्त शुक्रवारी, आणि ती त्या वेळी मुद्दाम सरपण आणायला जाते. मी पोचतो तेव्हा तो खिडकीशी बसलेला असतो आणि तिची लोकरी टोपी त्याच्या गुडघ्यावर तयार असते.

"चला तर," तो टोपी पुढं करतो.

"जाते, जाते. घाई बघा याची. पन्नास वर्षांत कधी एवढ्या तत्परतेनं काही हातात दिलं नाहीस."

ती घसरगाडी घेते, बर्फ नसला तर सायकल. तो पडदा बाजूला धरून बघत राहतो. वाटेनं खाली, वळणावर, ओट्यापाशी. तिथं ती अजूनही एकदा थांबते आणि मागं वळून बघते. तो डावा हात वर करतो, मग ती जाते. जिथं ती दिसेनाशी होते तिथं त्याचे डोळे जरा वेळ तसेच राहतात, मी पाहिलंय.

मग तो पडदा सोडतो, माझ्याकडं वळतो आणि साखरेच्या कपाटाकडं बोट दाखवतो.